अंगाला हवा

ओउलू, डिसेंबर. सकाळचे दहा वाजलेत
आणि खिडकीत अजून रात्रच उभी.
चौथ्या मजल्यावर, उघड्या छताखाली, शिडीवर काउको.
खाली मी, निळ्या केबलचं वेटोळं खांद्यावर.

त्रेचाळीस वर्षं त्याने या शहरात उजेड ओढला
जाड तांब्यातून, भिंती फोडून.
उजव्या अंगठ्याला नख नाही.
दोनशे तीस व्होल्ट, म्हणतो, नाव विचारत नाहीत.

माझी केबल विचारते.
कॉफीच्या वेळी हेच सांगत होते त्याला:
तळघरातला स्विच आधी जरासा दाब टाकून बघतो,
दारावर टिचकी मारावी तसा.
पलीकडे कोणी आहे का? असेल तर भूक किती?
दिव्याने नीट उत्तर दिलं तरच वाढतो,
मागितलं तेवढंच.
उत्तर नाही, तर तार उपाशी.

काउको चमचा ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती.
'म्हणजे दिव्याला आता पत्ता असतो?'
असतो.
'आणि बोलतो?'
बोलतो. किती तास जळलो, खोलीत कोणी आहे की नाही.
'ज्या तारेतून जेवतो, तिच्यातूनच?'
तिच्यातूनच.
'माझी आई सांगायची, तोंडात घास असताना बोलू नये.'

त्याची आई केमीच्या तारघरात होती.
आमच्या भाषेत वीज आणि तार
एकाच शब्दाच्या लेकी.
कधीतरी वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या:
एकीने भिंती घेतल्या, एकीने खांब.
दोघींची माणसंही वेगळी. त्याच्या लोकांना परवाना लागतो,
माझ्या लोकांना लागत नाही.
त्याचा परवाना पाकिटात आहे, बायकोच्या फोटोच्या मागे.
या मजल्यावर तो कोणी मागितला नाही.

गुरुवारी मजला चालू केला.
शहाण्णव दिवे, एकाचीही गुणगुण नाही.
मी त्याला लॅपटॉप दाखवला: सगळे ठिपके हिरवे.
त्याने पाहिलं नाही. शिडी चढला,
हातमोजा दातांनी ओढून काढला
आणि छतातल्या जुडग्यावर हात ठेवला.
मीच बांधलं होतं ते, शहाण्णव तारांची
घट्ट, सरळ, देखणी वेणी. फोटोसुद्धा काढला होता.

बराच वेळ हात तिथेच,
पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
'साइमी, हिला ताप आहे.'

हिरवे ठिपके हिरवेच होते.
त्यांना तळहात कोणी दिलाच नव्हता.
मी मधल्या तारांत तापमापक खुपसला.
अठ्ठावन्न.

'निरोपाला अंग नसतं,' तो वरूनच म्हणाला,
'त्याची हवी तेवढी वेणी घाल.
वीज आली की तारेला अंग फुटतं.
अंगाला हवा लागते.'

मग त्याने पक्कड काढली
आणि माझ्या गाठी एकेक तोडल्या. मला वाईट वाटलं,
खोटं कशाला सांगू.
चोवीस-चोवीसच्या चार जुड्या केल्या, सैल,
थोड्या गबाळ्या.
संध्याकाळपर्यंत चाललं ते. म्हणजे घड्याळात संध्याकाळ.
परत हात लावला. मलाही लावायला लावला.
इथे, म्हणाला, इथे नाही, मध्ये.

फेब्रुवारीत तो निवृत्त होतोय.
त्याबद्दल काही बोललो नाही.

निघालो तेव्हा मजल्यावर दुसरं कोणी नव्हतं.
आमच्या पाठीमागे दिवे एकेक करून मिटत आले
आणि काउको दारात थांबला.
'अजून गेलो नाहीये मी,' म्हणाला, जरा रागानेच,
आणि एक पाऊल आत टाकलं.
डोक्यावरचा दिवा उजळला.
'बघ. ओळखतो मला.'

ओळखत नाही, मी म्हणणार होते,
त्याला फक्त हललेलं कळतं.
हातात त्याचा हातमोजा होता, शिडीखाली पडलेला.
तो दिला.