टॉर्किलचं नाक

भट्टीत पीट घालणाऱ्या माणसाला
धुराचा वास येत नाही.
लग्नानंतर आठव्या दिवशी कळलं मला हे,
उशीचे अभ्रे तिसऱ्यांदा धुताना.
"कसला वास?" तो म्हणाला,
आणि खरंच विचारत होता.

पीट म्हणजे दलदलीची काळी माती,
मेलेलं शेवाळ, झुडपांची मुळं,
कुणी मोजली नाहीत इतकी वर्षं पाण्याखाली दबलेली.
मे महिन्यात ती विटांसारखी कापायची,
वाऱ्यावर वाळवायची,
मग ओल्या बार्लीखाली नुसती धुमसत ठेवायची.
जाळ झाला की टॉर्किलची रात्र फुकट.
रात्रभर तो जाळाला दाबत बसायचा,
आणि पहाटे घरी यायचा
सगळा धूर अंगात घालून.

शनिवारी तो आपल्याच हातची व्हिस्की पितो,
सोळा वर्षांची, दोन थेंब पाणी टाकून.
"नासपती," म्हणतो. "आणि जरासं मीठ."
बाहेरून आलेले पाहुणे त्याच घोटाला ठसकतात,
डोळे पुसत म्हणतात, डांबर! दवाखाना!
टॉर्किल त्यांच्याकडे बघत राहतो,
बहिरा माणूस नाचणाऱ्यांकडे बघतो तसा.

एकतिसाव्या वर्षी, मार्चमध्ये, त्याचा खुबा मोडला.
लहान विमानातून ग्लासगोला नेला.
साडेपाच आठवडे.
चौथ्या रविवारी फोनवर म्हणाला,
ऊना, इथे काहीतरी झालं.
शेजारच्या खाटेवर पट्टी बदलत होते,
आयोडीनचा वास आला,
आणि मला आपला धक्का दिसला,
ओहोटीला दिसतो तसा, दोरांसकट.
नर्सला वाटलं दुखतंय.
तिने गोळी दिली.
मी घेतली.

बोटीतून उतरला काठी टेकत,
आणि फळीवर मधेच उभा राहिला.
मागे मेंढ्यांची गाडी खोळंबली,
ड्रायव्हरने हॉर्न दिला.
"काय जळतंय?" टॉर्किलने विचारलं.
"तुझी नोकरी," मी म्हटलं.

त्या रात्री बाटली त्यानेच काढली.
ग्लास नाकाशी नेला, बाजूला केला,
परत नेला.
घोट घेतला आणि ठसकला.
एवढा मोठा माणूस, टेबल धरून ठसकला.
मग बराच वेळ बोलेना.
जिभेवर काय काय येत होतं ते बोटांवर मोजत होता,
भिजलेला दोर,
करपलेली ओटची भाकरी,
चुलीत लोटलेला जुना बूट,
शाळेतला स्टोव्ह, ज्याच्यामागे डुगाल्ड मास्तर छडी ठेवायचे,
आणि सगळ्यांच्या खाली, फार खाली, नासपती.
"ती आहे म्हणजे," तो म्हणाला.
"मला वाटलं इतकंच आहे."

मग घरभर फिरला जकातदारासारखा.
कोट हुंगला. पडदे. पावाचा डबा.
माझा शालीतला खांदा.
"एकतीस वर्षं तू याच्या शेजारी झोपलीस?"
"खिडकीकडे तोंड करून."
हसला नाही.
उशी उचलून कितीतरी वेळ नाकाशी धरून बसला,
परक्या माणसाचं पत्र चुकून उघडल्यासारखा.

अकरा दिवस टिकलं ते नाक.
भट्टीवर बसायची हलकी पाळी दिली होती त्याला,
तिथेच गेलं असणार.
बाराव्या दिवशी, शनिवारी,
घोट घेतला, वाट पाहिली,
आणखी एक घेतला.
"नासपती," म्हणाला, हळूच.

मग ग्लास माझ्याकडे सरकवला.
"तू सांग."

मी प्यायले.
तोंडात घोळवला, गिळला, थांबले.
खरं सांगते, त्या घरात राहून
मलाही कितीतरी वर्षं तेवढंच लागतंय.
बाहेर मेंढ्या ओरडत होत्या.
तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"धूर," मी म्हटलं.
"बाई गं, केवढा धूर."