धरून ठेवलेलं चित्र

आईनं नाव ठेवलं निवृत्ती, त्र्यंबकच्या नाथांचं.
पलटणीत पोरं म्हणायची,
भरतीच्या दिवशीच रिटायर झालेला गडी.
आता खरंच झालो,
तर विनोद संपला.

गंगापूर रोडला, दातांच्या दवाखान्याच्या वर,
मी रात्रपाळीला असतो.
आत सात पोरं-पोरी काचेच्या पाटीवर माणसं चालवतात.
सेकंदाला बारा चित्रं, काका,
झोया पिंजारीनं सांगितलं,
आणि मी खुर्चीत बसून हिशेब केला:
माझी सतरा वर्षं म्हणजे ठोकळ मानानं
सहाशे चव्वेचाळीस कोटी चित्रं.
कामाची त्यातली चाळीस निघतील.

त्यांच्या सिनेमात एक फौजी घरी येतो.
मिशा त्याला माझ्याच दिल्यात, न विचारता.
पोट दिलं नाही.

काका, जरा चालून दाखवा ना.
कूलरपासून लिफ्टपर्यंत चाललो.
असं नाही, सुटीवर आल्यासारखं.
ते मला अजून जमत नाही.
मथुरा परवा बाजारात म्हणालीच,
तुम्ही मेथी घेताय की मेथीची झडती?

सोमवारी रात्री खिडक्यांच्या काचा थरथरल्या.
पोरं उठून बघायला लागली, डिसेंबरात ढग?
देवळालीकडून आहे, म्हणालो,
रेंजवर नवी बॅच असेल. बसा.
आपलीच तोफ आहे.
"आपली" म्हणताना जीभ थोडी अडकली,
पेन्शनरानं कुणाला आपली म्हणावं.

मग झोयानं स्क्रीन माझ्याकडे वळवली.
स्वयंपाकघरात ताट पडतं,
फौजी दचकतो, टेबलाखाली शिरतो,
थरथर कापतो.
जमलंय ना, काका?

नाही, म्हणालो. आमच्याकडे टेबलच नाही.

मग तिला सांगितलं, जे घरी सांगितलं नव्हतं:
पहिला गोळा मारायला नसतो,
तो अंतर मोजायला असतो.
वरच्या नाल्यात पहिला मागं पडला, लांब,
आणि पोपट आहेर हसला, हुकला रे!
हसतच होता.

म्हणून पहिल्या आवाजाला मी दचकत नाही.
मी दुसऱ्याची वाट बघतो.
घास हातातल्या हातात.
मथुरा बोलत असते, मला सगळं ऐकू येतं,
गॅस संपत आलाय, पोराची फी राहिलीय,
फक्त उत्तर देता येत नाही.

म्हणजे काहीच हलत नाही?
काहीच नाही.
किती वेळ?
ते कधी मोजलं नाही.
तिनं मोबाइलचं घड्याळ लावलं
आणि न सांगता आपला डबा फरशीवर सोडला.
वाटाण्याची उसळ माझ्या बुटापर्यंत आली.

अकरा सेकंद, ती हळूच म्हणाली.
एकशे बत्तीस चित्रं, सगळी एकच.
याला आमच्यात होल्ड म्हणतात, काका,
एकदाच काढायचं आणि धरून ठेवायचं.
सगळ्यात स्वस्त काम.
पण त्या एका चित्राला तिला तीन रात्री लागल्या.
हात पुसायची, पुन्हा काढायची,
पुन्हा पुसायची.
चौथ्या रात्री विचारलं,
आणि काकू तेव्हा काय करत असतात?

माहीत नाही, म्हणालो.
तिनं बायकोची जागा कोरी सोडली.

सकाळी सहाला घरी पोचलो.
मथुरा चहा टाकत होती.
पातेल्यावरचं झाकण निसटलं,
ओट्यावर आपटलं, फरशीवर गरगरत राहिलं.
मी उंबऱ्यातच, एक चप्पल पायात.
मान वळवता येईना,
डोळे तेवढे वळवले.

ती गाळणं धरून उभी होती.
झाकण उचलायला वाकली नव्हती.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
सात. आठ.
बोटानं गाळण्याच्या दांडीवर टिचकी, नऊ, दहा.

अकराला तिनं चहा गाळला.