कुठल्या बंदरात चढला

सिकंदर होडेकरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला
तेव्हा मी सातवीत होतो.
शाळा सुटली की जयगडच्या जेटीमागे, त्यांच्या पडवीत,
डिक्शनरी वाचून दाखवायचो,
पानाला एक खोबऱ्याची वडी.

कुठल्याशा मोडीत निघालेल्या बोटीवरची ती.
ए अख्खा वाळवीनं खाल्लेला,
बीसुद्धा अर्धा.
डीची पानं सुतळीनं बांधलेली. ती सोडायची नाहीत.

'अर्थ राहू दे,' चाचा म्हणायचे,
'शब्द कुठल्या बंदरात चढला ते सांग.'
मग मी कंसातली मुंगीएवढी अक्षरं
डोळ्यांशी धरायचो.

बमलो. एक लहान मासा. मराठीवरून, बहुधा.
'बहुधा!' जैतूनचाची आतून हसली.
बाहेर मांडवावर बोंबील वाळत होते
जबड्यात जबडा अडकवून,
त्यांना कुणी काही कळवलं नव्हतं.

ग्रॅब. म्हणजे हिसकावणं, मी म्हटलं.
'खालचा वाच. दुसरा.'
दुसरा ग्रॅब म्हणजे गुराब, जुनी लढाऊ नाव,
आणि गुराब म्हणजे अरबीत कावळा.
चाचा कितीतरी वेळ खाडीकडे तोंड करून बसले.
'डांबर फासत असणार बुडाला,' एवढंच म्हणाले.

मंगूस!
मी ओरडलोच. मराठी! बहुधा नाही, थेट!
लाकडांच्या ढिगामागचं आमचं मुंगूस
शेपटीकडे हंसाचं स्पेलिंग लावून साहेबाच्या पुस्तकात.
'बघ. पासपोर्ट नाही, सीडीसी नाही,
तरी पोचलं.'

नॉशिया. मळमळ.
ग्रीक भाषेत नाउस म्हणजे नाव, तिच्यावरून.
'नाव म्हणजे नावच? मग आपलीच की.
पण हा लिहिणारा खलाशी नव्हे.'

आता मी तहसील कचेरीत आहे.
मागच्या भादव्यात एक फॉर्म समोर आला,
बुडालेल्या ट्रॉलरचा, सहा नावं,
वर छापलेलं: डिझास्टर.
घरी येऊन सुतळी सोडली.
(डिक्शनरी चाचीनंच दिली होती, चाळिसाव्यानंतर.)

बंदर: इटली.
माल: एक तारा, वाईट.

दिवा नसलेल्या रात्री ताऱ्यांवर गलबत हाकणारा माणूस,
खुंटीवर यासीनचा रेनकोट,
बावीस वर्षं तसाच.
हे पान त्यांनी कधी वाचलं, कुणाकडून वाचून घेतलं,
मला माहीत नाही.

गाठ पुन्हा मारायला गेलो.
त्यांची गाठ मला येत नाही.