मोजणी

गाडीला ओरखडासुद्धा नव्हता.
म्हणून आम्ही आधी गाडीच पाहिली.

जेलरोडच्या त्या नव्या गतिरोधकावर,
ज्याला अजून पांढरे पट्टे मारायचे होते,
तू घसरलास, उठलास, पँट झटकलीस,
टपरीवाल्याने दिलेलं पाणी प्यायलास.
हेल्मेट आरशाला लटकत होतं,
एकदम सुरक्षित.

रक्त नाही, म्हणजे काही नाही.
हा हिशेब आम्हाला कुणी शिकवला, कोण जाणे.

घरी येऊन विचारलंस, "प्रेसला सुट्टी आहे का आज?"
म्हटलं, गुरुवार आहे, रजा टाकलीस ना.
तव्यावरची भाकरी उलटेस्तोवर परत तेच.
तिसऱ्यांदा मी हसले.
ते हसू अजून माझ्या घशात आहे.

रात्री दोनदा उलटी. म्हटलं, सकाळच्या मिसळीची तर्री.
दिवा लावला तसा तू डोळ्यांवर हात घेतलास.
तो हात मी ओढून काढला, तेव्हा दिसलं:
एका डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी,
दुसऱ्यातली मिरीएवढी.
मोहरी आणि मिरी.
एवढ्याशा फरकावर वाल्मिक खैरनारांना उठवलं,
त्यांनी बनियनवरच रिक्षा काढली.

डॉक्टरांनी विचारलं, "बेशुद्ध पडले होते?"
नाही.
"किती वाजता पडले?"
सहाला.
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
आत हळूहळू साचत जातं, म्हणाले,
आणि वरून माणूस चहा पीत असतो.

टाके निघाले. केस आले.
वाचला, म्हणतात सगळे. वाचलास, खरंच.
पण वीस वर्षं नोटांचे ताव मोजणारा तू
घरातली लाइट बिलं मोजताना सदतीसला अडकतोस,
बोटाला थुंकी लावून
पस्तिसापासून पुन्हा.
कुकरच्या शिट्टीवर ओरडतोस, मग रडतोस,
मग मलाच विचारतोस, का रडलो.

परवा दूध उतू गेलं, तळाशी लागून जळलं,
तू ओट्याला टेकून उभा.
"वास नाही आला?"
तू बोटं नाकाशी नेलीस,
ज्यांच्यावरची शाई लग्नानंतर वर्षभर
मला झोपेतही ओळखू यायची.
म्हणालास, "कशाचा?"

गतिरोधकाला पट्टे मारलेत आता.
तरी काल तिथे एक पोरगा पडला,
उठला, आणि गाडीचा आरसा तपासायला लागला.
मी भाजीची पिशवी रस्त्यातच ठेवली,
त्याची हनुवटी धरली.
गाडी राहू दे.
इकडे बघ.
नाव सांग.
वार कोणता आज?