त्मा

नोव्हेंबर संपता संपता सूर्य
बॅरेन्ट्स समुद्राखाली जातो, तो दीडेक महिना येत नाही.
त्या दिवशी कपितोलिना येगोरोव्हना
शीतगृहाच्या कचेरीत चहात साखर जरा जास्त घालते.
बाकी समारंभ नाही.

यंदा तिसऱ्या दिवशी दुपारी चारला,
म्हणजे मध्यरात्रीच म्हणा,
म्हातारा येवलाम्पी दार न ठोठावता आत आला.
बुटांना खवले.
"हेरिंग. सगळी वाळूवर आलीय."
"किती?"
"त्मा."

टॉर्च घेऊन ती गेली.
उजेड पोचला तिथवर चांदी.
पुढे उजेड दमला,
चांदी दमली नाही.

आता या शब्दाचं असं आहे:
रशियनमध्ये त्मा म्हणजे अंधार.
आपल्या तमाची लांबची बहीण,
एकाच जुन्या चुलीवरून वेगळी निघालेली.
आणि त्मा म्हणजे दहा हजारसुद्धा.
कुणी म्हणतं, गवताळ मुलखातून स्वार आले,
दहा हजारांच्या तुकडीला ते तुमेन म्हणत;
ऐकणाऱ्यांनी घाबरून
घरातला जवळचा शब्द पुढे केला.
कुणी म्हणतं, छे, स्वार कशाला हवेत,
मोजता मोजता डोळ्यांपुढे अंधारी येते, एवढंच.
पंडितांचं भांडण चालू आहे.
तुमान म्हणजे धुकं,
तेही मध्येच येऊन नातं सांगतं.

मठांतले लेखनिक वर्णमालेचं पहिलं अक्षर काढत, अ.
नुसता अ म्हणजे एक.
भोवती गोल ओढला की दहा हजार.
गोल ठिपक्यांचा केला की लाख,
किरणांचा केला की दहा लाख,
पुढच्या संख्येचं नाव डोमकावळा,
त्याच्या पुढचीचं ओंडका.
ओंडक्यापाशी टाक खाली ठेवत.
पलीकडचं मोजणं माणसाचं काम नव्हे.

(नागरीत हा शब्द लिहिताना मला उगाच वाटतं,
आ गळालेला आत्मा आहे हा,
आणि तो आ त्यांनी गोलात जपून ठेवलाय.
ही व्युत्पत्ती नव्हे. माझी खोड.)

कपितोलिनाला हे सगळं ठाऊक.
शाळा होती तोवर ती गणित शिकवायची.

मुर्मान्स्कहून फॉर्म आला.
रकाना सात: मृत माशांची संख्या.
तिने अ काढला, भोवती गोल.

फोन वाजला. कोवळा आवाज, सर्दी झालेला.
"सातमध्ये हे काय काढलंय, अंडं?"
"त्मा."
"मग दिवा लावून लिहा ना, बाई.
आणि अंकांत लिहा.
रकाना नऊ तर कोराच आहे: वस्तीची लोकसंख्या."

ती खिडकीशी गेली.
ल्युखिनांकडे दिवा, तिघं.
बेकरीत दिवा, म्हणजे मार्फा आणि तिचा आंधळा भाऊ.
येवलाम्पी दिवा लावत नाही, त्याला धरायचं.
शाळा, नाही.
नाविकांची इमारत, पहिला मजला नाही,
दुसरा नाही,
तिसऱ्यावर कुणीतरी पडदा सरकवला,
चांगलं झालं, तिथे चौघं.
दहा बोटं दोनदा वापरून झाली,
तिसऱ्यांदा अंगठ्याशीच थांबली.
एकवीस.
कोटाची बटणं लावताना आठवलं,
स्वतःला धरलंच नव्हतं.

नऊमध्ये तिने लिहिलं: २२.
शाई वाळेपर्यंत त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली.
किती सहज मावले रकान्यात.
सातमधला गोल खोडला नाही.
आतला अ मात्र पुन्हा एकदा गिरवला.

बाहेर येवलाम्पी फावड्याने बादली भरत होता,
कुत्र्यांसाठी, पिंपांसाठी,
ल्युखिनांच्या पोरांसाठी.
एक झाली. दुसरी झाली.
"मोजतोयस का?" तिने विचारलं.
"छे," तो म्हणाला,
"मिठाचं पोतं घेऊन ये."