कण्हेरीच्या पानाचा आडवा छेद

प्राणीशास्त्राला बेडूक लागायचे, ते बंद झाले.
वनस्पतीशास्त्राला मात्र दर वर्षी कण्हेरच.
एकतीस वर्षं पानं मी आणली,
मोजून साठ,
वर दहा, ब्लेड वाकडं धरणाऱ्या पोरांसाठी.

हजेरीपटावर मी ग. भि. गांगुर्डे, प्रयोगशाळा परिचर.
पोरांचा गांगुर्डेमामा.

आधी झाड आवारातच होतं,
सायकल स्टँडच्या मागं, गुलाबी, दुहेरी पाकळीचं.
एका पालकानं अर्ज दिला :
सदर झाड विषारी असून.
अर्ज खरा होता.
पान, साल, मूळ, फूल, बी,
जाळलं तर धूरसुद्धा.
शेळी हुंगते आणि पुढं जाते.
माळ्यानं मनगटापर्यंत पिशव्या बांधल्या
आणि एका दुपारी झाड बुंध्यापाशी संपवलं.
चीक वाळला. गणपतीला फूल नेणारे शिर्के सर
दोन दिवस चुकून त्याच कोपऱ्याकडं वळत राहिले.

मग मी विल्होळीला जायला लागलो,
हायवेच्या दुभाजकावर.
एकीकडून कांद्याचे ट्रक, दुसरीकडून द्राक्षांचे कंटेनर,
मधे दीड हात माती,
आणि तिच्यात ही, बारमाही हिरवी,
एका पेरावर तीन-तीन पानं धरून उभी.
टँकर आला तर पाणी.
नाही आला तरी फूल.

वाघचौरे मॅडम दर वर्षी एकच वाक्य सांगायच्या :
हिचं मूळ गाव भूमध्य समुद्राकडं,
तिथं ती आटलेल्या नद्यांच्या पात्रात वाढते.
मी मागं ट्रे पुसत असायचो.
मला चैत्रातली गोदावरी दिसायची, पुलाखालची,
नुसते गोटे, आणि गोट्यांवर वाळत घातलेली धुणी.
म्हटलं, म्हणजे हिला इथलं नवं काहीच नाही.

एक मात्र मला पटत नसे.
फुलात मध नाही, म्हणायच्या मॅडम.
एवढा रंग, एवढा वास,
पाखरू आशेनं येतं आणि रिकाम्या तोंडी जातं.
विषाचं मी समजू शकतो.

निवृत्तीच्या आदल्या डिसेंबरात
पानं पिंपात बुचकळली, तर पाणी काळं.
तीनदा बदललं, तरी राखाडीच.
पोरांनी गाजराच्या फाकेत पानं धरली,
छेद घेतले, लाल रंगात बुडवले,
दोघांची बोटं कापली. मी ओरडलो, हात धुवा आधी.

सगळे गेल्यावर
तहसीन पठाण तेवढी राहिली होती, जर्नल अपुरं.
म्हणाली, मामा, तुम्ही कधी पाहिलंय का?

नव्हतं पाहिलं.
एकतीस वर्षं भिंगं पुसली, डोळा लावला नव्हता.
कुणी अडवलं नव्हतं. कुणी म्हटलंही नव्हतं.

आधी माझ्याच पापण्या दिसल्या.
मग तिनं चाक फिरवलं.

वर जाड साय, तिच्याखाली पेशींचे थर,
एकावर एक, गोधडी शिवावी तसे.
आणि पानाच्या पालथ्या बाजूला
खळगे.
खळग्यांत केस, दाट, मऊ,
आणि केसांच्या आड, अगदी तळाशी,
श्वासाची बारीक तोंडं.
विल्होळीचा तो सगळा धूर, ती धूळ,
तीन पाणी काळं करणारी,
तिथपर्यंत मला कुठं दिसली नाही.

मी बराच वेळ वाकून होतो.
तहसीन म्हणाली, मामा, दिसलं का?
म्हटलं, थांब गं.

स्लाइडा धुतल्या, ब्लेडं मोजून डब्यात टाकली,
उरलेली सात पानं कागदात गुंडाळून
कचऱ्यात खोल दाबली, मांजराच्या भीतीनं.
कुलूप.

मुंबई नाक्यावर सिग्नलला
माझ्यापुढं एक डंपर काळं ओकत उभा होता.
मी मफलर नाकावर ओढला, लोकरीचा, केसाळ,
मान खाली घातली
आणि आत, हळू, एक श्वास घेतला.