तोरण्याकडं तोंड

सिंहगडावर मनोरा आहे, हे आम्हाला ऐकून ठाऊक.
मध्ये डोंगराची धार आडवी पडलेली.
तिच्या पल्याड पुणं, अल्याड आम्ही,
वेल्ह्याच्या अलीकडं सतरा उंबरे
आणि सरपंचांच्या पडवीत एक टीव्ही,
ज्यात रोज संध्याकाळी मुंग्या यायच्या.

मुंग्यांमागं कुणीतरी बोलायचं,
पिठाच्या गिरणीत उभं राहून बोलावं तसं.
"बातम्या आहेत," सरपंच सांगायचे.
आम्ही मुंग्यांच्या बातम्या बघायचो.

मग नसरापूरहून इस्माईल तांबोळी आले,
सायकलीला ॲल्युमिनियमच्या नळ्या बांधून,
खांद्यावर चपट्या वायरीचं वेटोळं.
मागच्या दारी वैरणीच्या माचावर चढले.
बांबू सिंहगडाकडं फिरवला: मुंग्या.
वीतभर वर सरकवला: मुंग्या.
तिथंच बसून बिडी ओढली त्यांनी,
डोळे बारीक करून चारी बाजूंचे डोंगर बघत,
गुरं विकत घेताना बघतात तसे.
उठले, आणि अँटेनाची पाठ केली सिंहगडाला,
तोंड तोरण्याच्या कड्याकडं.

"अहो उलटं! मनोरा तिकडं!" सरपंच ओरडले.
"हितनं हाक मारली तर ती कड्यावरनं माघारी येती का न्हाई?"
तांबोळी म्हणाले. "तसंच. तोरण्याला मनोरा दिसतोय.
आपण तोरण्याला बघायचं."

आणि आली एक बाई, कांद्याचे भाव सांगत.
तिच्या उजव्या अंगाला बोटभर सरकून
आणखी एक फिकट बाई,
तेच ओठ हलवणारी.
"जुळ्या हैत," हौसाआत्या म्हणाली.

पुढं सगळेच जुळे निघाले.
मंत्री, निवेदक, पोलिओचा डोस पिणारं पोर.
क्रिकेटमध्ये एक जण चेंडू मारायचा
आणि त्याचं भूत शेजारी तोच चेंडू मारायचं.
बाद मात्र दोघंही व्हायचे.

वारा सुटला की बांबू फिरायचा.
रविवारी पिक्चरला कुणीतरी धरून उभं राहायला लागायचं
आणि ते हौसाआत्याच्या हाताला यायचं.
इतर कुणी धरलं की मुंग्या.
दीड वर्ष नांदून ती परत आली होती.
का, ते कुणी विचारलं नाही.
रविवारचे तीन तास मात्र
अख्खा गाव तिला हाका मारायचा,
"हौसे, हलू नको! हौसे, जरा डावीकडं!"
मी मागच्या दारात, मधला निरोप्या:
आलं. गेलं. आलं. थांब, तिथंच थांब.

तिनं एकही पिक्चर बघितला नाही.
घरी जाताना, कंदील माझ्या हातात,
मी तिला गोष्ट सांगायचो.
सांगताना बदलायचो थोडी.
विहिरीत उडी टाकलेली पोरगी
माझ्या गोष्टीत काठावरच्या वेलीला अडकायची.
टीबी झालेला भाऊ बरा व्हायचा.
नवरा चुकला म्हणायचा, जत्रेतून बांगड्या आणायचा.
आत्या हं हं करत चालायची,
बांबूची कूस तळहातातून काढत.

आता धायरीत चौथ्या मजल्यावर राहतो.
गॅलरीतून सिंहगड सरळ समोर,
मनोऱ्यावर रात्री लाल दिवा.
मध्ये काहीच आडवं नाही.
घरात अँटेनाही नाही.

दवाखान्यासाठी आत्या आली होती गेल्या महिन्यात.
मोतीबिंदू. डाव्या डोळ्याला हिरवी पट्टी.
"त्यो मनोरा ह्योच व्हय?"
उजव्या डोळ्यानं बघत राहिली कठड्याला धरून.
"लई बारका हाय की."

मग तिकडंच बघत म्हणाली,
"तू सांगायचास, ती इहिरीतली वाचली म्हणून.
मला खालनं बायका रडताना ऐकू यायच्या."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"दूध ठेवलंयस का गॅसवर?" आत्या म्हणाली.
"वास येतोय बघ."